बोरटेक : वस्ती नाही

ज्या दिवशी मी बोरटेक या गावापुढे 'वस्ती नाही' असं लिहिलं, त्या दिवशी बोरटेकची माणसं नाल्याच्या पलीकडे उभी होती. मी अलीकडे होतो. त्या माणसांत माझे सासरे होते. घरी आल्यावर मी ही गोष्ट पत्नीला सांगितली.

या अंकाच्या संपादकांनी कळवलं आहे की, तुम्ही आयुष्यभर मराठी शाळेत भूगोल शिकवलात, तेव्हा 'मनुष्य पृथ्वीवर कसा राहतो' अशा धर्तीवर काही अनुभव लिहा. भाषा सोपी ठेवा आणि शक्य तर विनोदी लिहा. पृथ्वीवर मनुष्य कसा राहतो हे मला ठाऊक नाही. मी फक्त ते शिकवत होतो. बोरटेकात तो कसा राहत नव्हता आणि मग कसा राहू लागला, एवढं सांगता येईल. विनोद सरकारने आधीच करून ठेवला आहे, मी नुसता उतरवून घेतो.

आमचं पुस्तक पातळ होतं पण त्यात सगळी पृथ्वी होती. मनुष्य वस्ती कुठे करतो? जिथे पाणी, सुपीक जमीन, निरोगी हवा आणि दळणवळणाची साधनं आहेत तिथे. चार कारणं, चार गुण. ध्रुवाकडचे लोक बर्फाची घरं बांधतात, हे मी देऊळगाव राजाच्या शाळेत पत्र्याखाली घाम पुसत सांगितलं आहे. उष्ण प्रदेशातले लोक स्वभावतः आळशी असतात, असंही एक वाक्य होतं. पहाटे उठून शेतात निंदणाच्या दोन पाती उरकून मग शाळेत आलेली मुलं ते वाक्य माझ्यामागे एका सुरात म्हणत. मीही त्यांच्याकडून ते पाठ करून घेत असे, कारण परीक्षेला ते हमखास येई.

घरी मी दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचत असे. आमची मंडळी, पार्वती, चुलीशी बसून ऐके. तिला अक्षरओळख नव्हती. "मनुष्य बहुधा नदीकाठी वस्ती करतो," असं मी एकदा वाचलं तेव्हा ती म्हणाली, "नदीकाठी कोण राह्यते? पुरात वाहून जाले?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक लिवणाऱ्याले पूर दिसला नसीन." भाकरी उलटून ती म्हणाली, "जिथं सकाळी शेजारी विस्तव मागता येते ना मास्तर, तिथं माणूस राह्यते."

आमच्याकडे आगपेटी घरात असली तरी तिला सहसा हात लावत नाहीत. सकाळी शेजारणीकडे गोवरीचा तुकडा घेऊन जायचं, त्यावर इंगळ आणायचा आणि त्याबरोबर गावातली बातमी आणायची. मी तिला म्हणालो की हे कारण पुस्तकात नाही, आणि पाचव्या कारणाला गुण नाहीत. ती मला मास्तर म्हणे. त्यात मान किती आणि चेष्टा किती, याचा निवाडा माझ्याच्याने शेवटपर्यंत झाला नाही.

आता खानेसुमारीविषयी. सरकार दर दहा वर्षांनी माणसं मोजतं. मोजायला वेगळी माणसं लागतात आणि ती फुकट लागतात, म्हणून मास्तर आणि पटवारी यांना धरतात. गणतीदाराने आधी आपल्या गावांतल्या दरवाज्यांवर गेरूने नंबर घालायचे. मग घरोघर जाऊन तक्ता भरायचा: नाव, वय, धर्म, धंदा, लिहिता येतं की नाही, कमावणारा की अवलंबून. शेवटी ठरलेल्या संध्याकाळी दिवेलागणीपासून पुन्हा फिरायचं आणि त्या संध्याकाळी जो जिथे असेल त्याला तिथे धरायचं. पाहुणा आला असेल तर तो पाहुणा असलेल्या गावचा. घरधनी परगावी असेल तर तो त्या परगावचा. माणूस कुठला, हा प्रश्न सरकारने असा एका संध्याकाळपुरता सोडवला आहे. सबंध आयुष्यापुरता तो कोणाला सुटला आहे?

बोरटेक देऊळगावापासून तीन कोसांवर, अगदी सरहद्दीला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमचं वऱ्हाड कागदावर निजाम सरकारचं, पट्ट्याने इंग्रजांकडे, आणि इंग्रजांनी ते कारभारासाठी मध्यप्रांताला जोडलेलं. म्हणजे मालक हैदराबादेत, भाडेकरू विलायतेत, हुकूम नागपूरहून आणि धूळ आमच्याकडे. बोरटेकच्या नाल्यापलीकडे मात्र निजाम सरकार स्वतःच राज्य करत होतं. त्याला आम्ही मोगलाई म्हणतो. मालक दोन्हीकडे एकच, तरी मध्ये सरहद्द होती, नाका होता आणि नाक्यावर शिपाई होता. नाला इतका रुंद की म्हैस त्यात आडवी बसली तर तिचं तोंड एका राज्यात आणि शेपूट दुसऱ्यात.

माझ्या पहिल्या खानेसुमारीच्या वर्षी बोरटेकात उंदीर पडले. उंदीर पडले की प्लेग येतो, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. गावाने रिवाजाप्रमाणे घरांना कुलपं लावली आणि उघड्यावर झोपड्या घातल्या. उंच माळ आणि गोड्या पाण्याची विहीर नाल्यापलीकडे होती, म्हणून झोपड्या नाल्यापलीकडे पडल्या. झोपडी घालताना कोणी नकाशा पाहत नाही.

त्या संध्याकाळी मी कंदील आणि तक्ते घेऊन गेलो. गावात शिरायला मनाई होती. शिवेवरूनच पाहिलं तर घरं बंद, गेरूचे नंबर जागच्या जागी आणि धूर एकाही घरातून नाही. नाल्यापलीकडे मात्र पन्नासेक चुली पेटल्या होत्या. सासरे, रामजी पाटील, काठावर आले आणि त्यांच्यामागे सगळं गाव आलं.

"जावईबापू, इकडं! मोजा!"

"तिकडून मोजता येत नाही, मामा."

"काऊन?"

"तो मुलूख मोगलाईचा आहे. माझी हद्द नाल्यापर्यंत."

"तुमी डोस्के मोजता का जमीन मोजता? डोस्के तं बोरटेकचेच हायत ना!"

"त्यांचा गणतीदार येईल, तो लिहील."

"तो येऊन गेला. म्हणे, तुमी वऱ्हाडचे, मी नाही लिवत."

मागून कोणी तरी ओरडलं, "आमी नाल्यात उतरतो बे मास्तर! अर्धे तरी लिव!" लोक हसले. पाटील हसले नाहीत. त्यांनी धोतर वर खोचलं आणि खरोखर पाण्यात पाऊल टाकलं. मी म्हणालो, "मामा, अलीकडे येऊ नका. प्लेगचं गाव आहे, मनाई आहे." ते पाण्यातच थांबले. घोट्यापर्यंत पाणी होतं. त्यांना तिथे उभं धरलं असतं तर ते कोणत्या राज्यात मोडले असते, याचा मी नियमांच्या पुस्तकात शोध घेतला. तरतूद नव्हती. मग मी तक्त्यावर 'वस्ती नाही' असं लिहिलं, खाली सही केली, सही वाळू दिली आणि निघालो. मी शिकलेला माणूस होतो. न शिकलेल्याने बहुतेक नाला ओलांडला असता.

अशा रीतीने बोरटेकची माणसं त्या संध्याकाळी पृथ्वीवर कुठेच राहत नव्हती. भूगोलाच्या मास्तराच्या हातून हे घडावं, यात एक प्रकारचा नेमकेपणा आहे.

घरी पार्वतीने ताट वाढलं. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग मी कुठली?"

मी म्हणालो, "देऊळगावची. इथंच लिहिलंय तुला."

"इथं मी नांदाले आली," ती म्हणाली. "मी विचारते, कुठली?"

सरकारी कागद खोटा कधीच नसतो. कधीकधी तो थोडा लवकर असतो, एवढंच. वस्ती नाही म्हणून बोरटेकची शाळा बंद झाली. शाळा नाही, वस्ती नाही, म्हणून गावातल्या विहिरीची दुरुस्ती नामंजूर झाली. विहीर ढासळली म्हणून प्लेग सरल्यावरही लोक माळावरून परतले नाहीत. दोन-तीन पावसाळ्यांत जुन्या गावाची छपरं बसली आणि माझं वाक्य खरं झालं. शेतसारा मात्र चुकला नाही, कारण सारा माणसांवर नसतो, जमिनीवर असतो, आणि जमीन नाला ओलांडून जात नाही. रामजी पाटील तेवढे पाटील राहिले, कोणीही राहत नसलेल्या गावाचे. सणाला मी गेलो की ते लोकांना माझी ओळख करून देत: "हे आमचे जावई. यायनं आमचं गाव पुसलं. अक्षर लय सुंदर हाय."

पार्वतीचं माहेर आता परराज्यात होतं. नाक्यावरचा शिपाई तिचं गाठोडं सोडून पापड मोजी आणि ते विकायचे आहेत की खायचे, असं विचारी. ती म्हणे, "एक खाऊन पाह्य, मंग सांग." शिपाई एक खाई आणि तिला सोडी. परराष्ट्रांशी असा व्यवहार करायला माझ्या पुस्तकातल्या कोणत्याच राजाला जमलं नव्हतं.

त्या दहा वर्षांत तिने मला दोष दिला नाही. एवढंच करी, की कोणी नवी बाई घरी आली आणि माहेर कोणतं विचारलं, की म्हणे, "मास्तरायले विचारा." मी उत्तर देईपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलेली असे. शाळेसाठी जिल्ह्याचा नवा नकाशा आला, तो मी एक दिवस घरी आणला होता. ती हात पुसत आली आणि म्हणाली, "दाखवा माहं गाव." मी दुसरबीड दाखवलं, बीबी दाखवलं, देऊळगाव दाखवलं. नाल्याची निळी रेघ होती. रेघेपाशी कोरा कागद होता. तिने त्या कोऱ्या जागेवर थोडा वेळ बोट ठेवलं आणि मग पोळपाट घेतला.

पुढची खानेसुमारी आली, तेव्हाही मी गणतीदार होतो. नियम पुन्हा पाठ करायचे म्हणून मी ते रोज घरी मोठ्याने वाचले. कोण ऐकतंय याकडे लक्ष दिलं नाही. ठरलेल्या संध्याकाळच्या तीन दिवस आधी पार्वती म्हणाली, "मायची तब्येत बरी नाही. जाऊन येतो." मी म्हणालो, जा.

त्या संध्याकाळी मी बोरटेकच्या शिवेवर पोचलो. यंदा लिहायचं काय हे वाटेतच ठरवून टाकलं होतं, शब्दही तेच. पण गावात दिवे होते.

पडक्या भिंतींच्या आत, बसलेल्या छपरांखाली, काही ठिकाणी नुसत्या जोत्यावर, माणसं बसली होती. ज्याचं जे घर होतं, त्यात तो. चौकट राहिलेली होती तिथे चौकटीत पणती. कोंबड्या आणल्या होत्या, चुली मांडल्या होत्या, एक म्हातारा खाटेसकट आणला होता. गेरूचे जुने नंबर पावसाने गेले होते, ते कोणी तरी विटकरीने पुन्हा ओढले होते आणि ओढणाऱ्याला आकडे येत नव्हते, त्यामुळे दोन घरांवर उलटे होते. घर नंबर एक पाटलांचं. तिथे सासरे भिंतीला टेकून बसले होते, सासूबाई खडखडीत बऱ्या होत्या, आणि चुलीशी पार्वती होती.

"तू इथं काय करतेस?"

"माहेराले आली."

"अगं, घराला छप्पर नाही."

"तुमच्या तक्त्यात छपराचा रकाना हाय काय?"

नव्हता. मी दोनदा पाहिलं.

"जो जिथं असीन, त्याले तिथं लिवा," ती म्हणाली. "तुमीच वाचून राह्यले होते ना रोज?"

सासरे म्हणाले, "जावईबापू, या खेपी तं नाल्याच्या अलीकडं हाओ. आता काय अडचण हाय? हवा?"

मला भीती वाटली, हे लिहायला हवं. खोटा तक्ता भरला तर नोकरी जाते. तक्ता खोटा नव्हता, पण खरा आहे असंही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. मी जोत्यावर बसून राहिलो. मग मागून दहा वर्षांपूर्वीचाच आवाज आला, "लिव बे मास्तर, म्हतारा गारठून राह्यला!" मी बोरू काढला.

पहिल्या घरापासून सुरुवात केली. पार्वतीपाशी आल्यावर विचारायचं म्हणून विचारलं, "कमावणारी की अवलंबून?"

"तुमीच लिवा."

"अवलंबून," मी म्हणत लिहिलं.

ती हसू लागली. "कोण?" म्हणाली. "कोणावर?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रकान्यात कोणावर हे लिहायला जागा नसते. बरंच झालं. देऊळगावच्या माझ्या घरापुढे मी त्या खेपेला 'घर बंद' असं लिहिलं.

पलीकडच्या माळावर त्याच संध्याकाळी मोगलाईचा गणतीदार आला आणि त्याला पन्नास झोपड्यांना झापं लावलेली दिसली. त्याने काय लिहिलं हे नाक्यावरच्या शिपायाने मला नंतर सांगितलं. माझंच वाक्य होतं, फक्त उर्दूत.

तहसिलीतल्या हेड कारकुनांनी माझा तक्ता दोन बोटांत धरला. "मास्तर, मागल्या खेपेला शून्य आणि यंदा एकदम एवढी माणसं? कुठून आली?"

"साहेब, त्या संध्याकाळी ती तिथं होती."

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?"

"दुसऱ्या सकाळचा रकाना नाही, साहेब."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तक्ता रद्द करायचा तर चौकशी, अहवाल आणि अहवालाच्या तीन प्रती लागणार होत्या. जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी सही केली. सत्याचा जय होताना मी तो एकदाच पाहिला आहे, आणि तो असा होता.

एवढ्या वस्तीच्या गावाला शाळा नाही, हे नागपूरला कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि शाळा मंजूर झाली. विहीरही मंजूर झाली. दोन्ही अर्थात तक्त्यावरच्या बोरटेकात, म्हणजे जिथे कोणी राहत नव्हतं तिथे. सरहद्दीवरच्या ओसाड गावी जायला कोणी मास्तर तयार होईना. मी अर्ज केला. माझी नेमणूक लगेच झाली. वरिष्ठांनी मला मूर्ख ठरवलं असावं. सकाळी मुलं मोगलाईतून नाला ओलांडून वऱ्हाडात शिकायला येत आणि दुपारी परराज्यात जेवायला जात. डेप्युटी साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "गावात माणूस दिसत नाही!" मी म्हणालो, "शेतावर गेलेत." साहेब खूश झाले. उष्ण प्रदेशातले लोक इतके उद्योगी पाहून त्यांनी शेरेबुकात चांगला शेरा दिला.

पार्वतीने नंबर एकच्या भिंतींवर छप्पर घालून घेतलं आणि आम्ही तिथे राहायला गेलो. सासऱ्यांनी चार माणसांत मला घरजावई म्हणून घेतलं. पहिलं वर्षभर बोरटेकची वस्ती दोन होती. सकाळी तिला विस्तव मागायला शेजार नव्हता, म्हणून ती आगपेटी ओढी, आणि आगपेटी ओढताना रोज कपाळाला आठी घाली. मग एक दिवस तिची एक चुलतबहीण म्हणाली, "बाई, तू एकटी कशी बोलत असशील? मी येतो." ती आली, म्हणून तिचा नवरा आला. त्यांची गाय आली म्हणून गुराखी आला. पाणी, जमीन, हवा आणि गाडीवाटेपुरतं दळणवळण ही चारही कारणं तिथे आधीपासून होती, आणि त्यांच्यासाठी कोणी आलं नव्हतं. पुढच्या सात-आठ वर्षांत निम्मं गाव परतलं. निम्मं माळावर राहिलं आणि आता ते मोगलाईचं गाव आहे. विस्तव दोन्हीकडून नाला ओलांडतो. त्याला नाक्यावर कोणी विचारत नाही.

मी वर्गात पाचवं कारण सांगू लागलो. परीक्षेत कोणी ते लिहिलं की परीक्षक गुण कापत. मी मुलांना म्हणे, समजून घ्या आणि लिहू नका.

यंदा माघात तिला ताप आला. दवाखाना देऊळगावला, तीन कोस. 'दळणवळणाची साधनं' हा धडा मी चांगला शिकवत असे. त्यात आगगाडी, आगबोट आणि तारायंत्र आहे. आमच्याकडे बैलगाडी होती. गाडीत ती दोनदा बोलली. एकदा म्हणाली, "चूल झाकली काय?" आणि दुसऱ्यांदा, "आपण कुठं चाललो, मास्तर?" मी देऊळगावचं नाव सांगितलं. दीड कोसावर मी गाडीवानाला गाडी परत फिरवायला सांगितली.

फाल्गुनात खानेसुमारी आली. मला पेन्शन झालं आहे, पण तहसिलीतून निरोप आला की अनुभवी माणूस हवा. मी गेलो. दिवेलागणीला घर नंबर एकपासूनच सुरुवात करायची असते. तक्त्यात मेलेल्यांचा रकाना नाही. गेल्या महिन्यापर्यंत इथे कोण होतं, तिने हे गाव कसं वसवलं, कोण कोणावर अवलंबून होतं, यासाठीही नाही. मी माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, धंद्यापुढे 'मास्तर' लिहून त्यापुढे 'सेवानिवृत्त' जोडलं. कमावणारा की अवलंबून, यात मी खूप वेळ घालवला. मग दुसरं लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

बोरटेकात आता वस्ती आहे. घर नंबर एकमध्ये माणसं एक. सकाळी मी विस्तव शेजारून आणतो.